हिपॅटायटिस सीच्या गोळ्या अर्ध्यावर बंद केल्या आहेत. आता पुढे काय करावे?

कोरा कागद (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाला हिपॅटायटिस सी असल्याचे निदान झाल्यावर सोफोस्बुव्हिर आणि वेल्पाटास्व्हिर यांची एकत्रित गोळी, रोज एक याप्रमाणे, १२ आठवड्यांसाठी लिहून देण्यात आली. जिनोटाइप (विषाणूचा उपप्रकार) ३ आहे, फायब्रोस्कॅनमध्ये (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणे) नाही आणि यापूर्वी त्याने या आजारावर कोणतेही उपचार घेतलेले नाहीत. चौथ्या आठवड्यात एचसीव्ही आरएनए (रक्तात विषाणू आहे का ते पाहणारी) तपासणी केली तेव्हा 'विषाणू आढळला नाही' असा रिपोर्ट आला आणि यकृताची एन्झाइम्सही सामान्य झाली. दादाने त्यावरून आजार गेला असे मनाशी ठरवून टाकले. डोके जड राहणे आणि थकवा या तक्रारी त्याला होत्याच, त्यामुळे सहाव्या आठवड्याच्या शेवटी त्याने गोळ्या घेणे बंद केले आणि घरात कोणाला त्याचा पत्ता लागू दिला नाही. वहिनींना कपाटात २८ गोळ्यांची एक सीलबंद बाटली आणि दुसरी अर्धी भरलेली बाटली सापडली, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. शेवटची गोळी घेतल्याला आता महिना होत आला आहे.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोपर्यंत उरलेल्या ४२ गोळ्या सुरू करून ठेवाव्यात असे वहिनींचे म्हणणे आहे, तर 'रिपोर्ट निगेटिव्ह असताना आणखी औषध पोटात कशाला घालू' असे दादाचे. अर्ध्या कोर्सवर खरोखर बरे झालेले रुग्ण असतात का, आणि विषाणू परत आला तर हेच औषध पुन्हा लागू पडते का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

यकृतमित्र

सर्वांत तातडीचा मुद्दा आधी सांगतो. उरलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. वहिनींची कळकळ समजण्यासारखी आहे, परंतु या टप्प्यावर गोळ्या पुन्हा सुरू केल्याने फायदा होण्याची शक्यता कमी आणि गोंधळ वाढण्याची शक्यता जास्त आहे. मी यकृतविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मात्र निर्णय तुमच्या भावाची कागदपत्रे ज्यांच्यासमोर आहेत त्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

कोर्समध्ये खंड पडल्यास काय करावे याबाबत अमेरिकेतील यकृतरोग आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्तपणे मार्गदर्शन दिलेले आहे. पहिल्यांदाच उपचार घेणारे आणि सिरॉसिस नसलेले, किंवा असल्यास तो भरपाईच्या अवस्थेतील (म्हणजे यकृत अजून आपले काम निभावत आहे असा) असलेले रुग्ण यांच्यासाठी ते आहे. त्यात दोन प्रश्न कळीचे मानले आहेत : खंड पहिल्या २८ दिवसांत पडला की त्यानंतर, आणि सलग किती दिवसांचा पडला. सात दिवसांपर्यंतचा खंड असेल तर तो केव्हाही पडलेला असो, गोळ्या ताबडतोब सुरू करून ठरलेला कोर्स पूर्ण करतात. पहिल्या २८ दिवसांत आठ किंवा अधिक दिवसांचा खंड पडला असेल तर गोळ्या लगेच सुरू करतात, शक्यतो त्याच दिवशी आरएनए तपासतात, आणि विषाणू सापडला किंवा तपासणी होऊ शकली नाही तर कोर्स चार आठवड्यांनी वाढवतात. पहिल्या २८ दिवसांनंतर ८ ते २० दिवसांचा खंड असेल तरीही गोळ्या लगेच सुरू करून आरएनए पाहतात. विषाणू न सापडल्यास उपचार पुढे चालू राहतात आणि जिनोटाइप ३ किंवा सिरॉसिस असेल तर चार आठवडे वाढवण्याची शिफारस आहे, परंतु विषाणू सापडल्यास, किंवा तपासणीच झाली नसल्यास, तो कोर्स थांबवून पुनरुपचाराचा वेगळा विचार करतात. आणि २८ दिवसांनंतर सलग २१ किंवा अधिक दिवस गोळ्या बंद असतील, जे तुमच्या भावाच्या बाबतीत झालेले आहे, तर उपचार थांबलेले आहेत असे समजून शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी विषाणू आहे की नाही ते पाहतात.

शेवटच्या नियमामागचे तर्कशास्त्र साधे आहे. महिनाभर औषध नसताना दोनच शक्यता उरतात. एक, सहा आठवड्यांत विषाणू समूळ नष्ट झालेला आहे. मग आणखी ४२ गोळ्यांची गरजच नाही. दोन, विषाणू यकृतात शिल्लक होता आणि तो पुन्हा वाढू लागला आहे. मग ही वाढ नव्या संसर्गाइतकीच जोमाची असू शकते, शिवाय औषधाला तोंड देऊन टिकलेले प्रकार तिच्यात जास्त प्रमाणात असू शकतात, आणि अशा विषाणूसमोर सहा आठवड्यांच्या उरलेल्या गोळ्या म्हणजे पुन्हा एकदा अपुरा उपचार. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी त्या बाटल्यांचा आज उपयोग नाही.

आता चौथ्या आठवड्यातील रिपोर्टविषयी, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला आहे. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात हा विषाणू दिवसाला साधारण एक लाख कोटी इतक्या संख्येने तयार होत असतो. नव्या गोळ्या हे उत्पादन इतक्या झपाट्याने बंद पाडतात की बहुसंख्य रुग्णांच्या रक्तातील पातळी चार आठवड्यांच्या आत तपासणीच्या मर्यादेखाली जाते. प्रचलित तपासण्यांपैकी काहींची मोजण्याची खालची मर्यादा प्रति मिलिलिटर १५ आंतरराष्ट्रीय एकके इतकी आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीन लिटर रक्तद्रव असते, म्हणजे या मर्यादेच्या किंचित खाली असतानाही एकूण हिशेब ४५ हजार एककांच्या जवळ जाऊ शकतो, आणि यकृताच्या पेशींमध्ये काय चालले आहे ते तर रक्ताच्या नळीत दिसतच नाही. एन्झाइम्सचेही तसेच आहे. सूज उतरली की ती खाली येतात, पण सूज उतरणे आणि विषाणू संपणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. चौथ्या आठवड्यातील निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ 'औषध काम करत आहे' एवढाच असतो. बरे झाल्याचा निकष वेगळा आहे : औषध पूर्णपणे थांबल्यानंतर १२ आठवड्यांनीही आरएनए न सापडणे. यालाच एसव्हीआर १२ म्हणतात. तुमच्या भावाच्या बाबतीत हे १२ आठवडे मूळ कोर्स संपण्याच्या तारखेपासून न मोजता त्याने प्रत्यक्षात घेतलेल्या शेवटच्या गोळीपासून मोजायचे आहेत. ती तारीख त्याला आज आठवत असेल तर आजच लिहून ठेवा.

शंकासुर

वर सांगितलेले पटले, तरी एक शंका आहे. याच आजारावरच्या ग्लेकाप्रेव्हिर आणि पिब्रेन्टास्व्हिर या औषधांचा कोर्स आठ आठवड्यांचाच असतो. लेडिपास्व्हिर आणि सोफोस्बुव्हिर यांच्या आयन-३ या चाचणीत आठ आठवड्यांत ९४ टक्के आणि १२ आठवड्यांत ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. मग १२ आठवडे हा आकडा म्हणजे केवळ सावधगिरी म्हणून ठेवलेली वरकड मुदत नव्हे काय? प्रश्नकर्तीच्या भावाला सहा आठवडे पुरेसे झाले असण्याची शक्यता बरीच आहे, हे स्पष्टपणे कोणी का सांगत नाही?

यकृतमित्र

शंका रास्त आहे, आणि शक्यता आहे हे मी नाकारलेले नाही. चार आठवड्यांहून अधिक औषध घेऊन नंतर थांबलेल्या रुग्णांपैकी बरेच जण बरे झालेले आढळतात. अगदी सुरुवातीलाच थांबलेल्यांचे चित्र पुष्कळ वाईट असते. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांची दुसरी बाजूही पाहा. आयन-३ मध्ये उपचारानंतर विषाणू परतण्याचे प्रमाण आठ आठवड्यांच्या गटात ५ टक्के आणि १२ आठवड्यांच्या गटात १ टक्का होते. शिवाय ते सर्व रुग्ण जिनोटाइप १ चे, सिरॉसिस नसलेले आणि प्रथमच उपचार घेणारे होते. जिनोटाइप ३ हा या गोळ्यांच्या युगातही तुलनेने चिवट ठरलेला प्रकार आहे, म्हणून एकाचा आकडा उचलून दुसऱ्यावर चिकटवता येत नाही.

मुदत किती खाली आणता येईल याचाही मुद्दाम शोध घेतला गेला आहे. जिनोटाइप १ च्या, सिरॉसिस नसलेल्या रुग्णांवर झालेल्या सिनर्जी चाचणीत लेडिपास्व्हिर-सोफोस्बुव्हिरला तिसऱ्या औषधाची जोड देऊन सहा आठवडे उपचार केले, तेव्हा ९५ टक्के रुग्ण बरे झाले. गट लहान होते, पण निकाल उत्साह वाढवणारा होता. त्याच धर्तीवर मुदत चार आठवड्यांवर आणली, तेव्हा तीन औषधांच्या गटात ४० टक्के आणि चार औषधांच्या गटात २० टक्केच रुग्ण बरे झाले. सहा आणि चार यांत फक्त दोन आठवड्यांचे अंतर आहे, आणि निकाल एकदम कोसळतो. उपचाराच्या काळात मात्र यांतील बहुतेकांच्या रक्तातून विषाणू दिसेनासा झालेला होता. दादाने हातात धरलेला रिपोर्ट जसा होता, तसेच रिपोर्ट त्यांच्याही हातात होते.

एखाद्याला सहा आठवडे पुरतात आणि दुसऱ्याला पुरत नाहीत, हे त्या व्यक्तीच्या बाबतीत आधी सांगण्याचे खात्रीशीर साधन रोजच्या वापरात नाही. १२ आठवड्यांची मुदत वरकड वाटते ती ज्यांना ती लागली नसती त्यांना. ज्यांना लागते ते कोण, हे औषध थांबल्यावरच कळते.

औषधशाळा

मी फार्मासिस्ट आहे. कोर्स का सोडला जातो, याबद्दल लिहितो, कारण पुढे पुनरुपचाराची वेळ आली तर तेच कारण पुन्हा आडवे येऊ नये.

डोकेदुखी आणि थकवा या दोन तक्रारी या गोळीबरोबर सर्वाधिक नोंदल्या जातात, हे खरे. मात्र अ‍ॅस्ट्रल-१ या चाचणीत काही रुग्णांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली होती. डोकेदुखी खऱ्या औषधाच्या गटात २९ टक्के आणि नकली गोळीच्या गटात २८ टक्के रुग्णांना झाली; थकवा दोन्हीकडे २० टक्के होता. याचा अर्थ तुमच्या भावाचा थकवा खोटा आहे असा मुळीच नाही. थकवा हे हिपॅटायटिस सीचेही लक्षण आहे, आणि त्याचे खापर बहुधा गोळीच्या माथी फुटते. त्यांनी तेव्हा डॉक्टरांना सांगितले असते तर झोप, पाणी पिणे आणि वेदनाशामकाची सुरक्षित मात्रा एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागते.

काही वेळा औषध खरोखरच थांबवावे लागते. एएलटी हे एन्झाइम पूर्वीच्या पातळीच्या दहापट वाढणे, किंवा त्याहून कमी वाढले तरी सोबत कावीळ, सततची मळमळ-उलटी, बिलिरुबिन चढणे अशी लक्षणे दिसणे, ही त्याची कारणे आहेत. पण तो निर्णय डॉक्टर तपासणीनंतर घेतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू आधीपासून शरीरात असेल तर सीचा बीमोड होत असताना तो उचल खाऊ शकतो, आणि ही वाढ गोळ्या थांबल्यानंतरही दिसू शकते. भावाची बीची तपासणी सुरुवातीला झाली होती का, हे कागदपत्रांत पाहून घ्यावे.

आणखी एक बाब सहसा कोणी विचारत नाही. गोळ्या चालू असताना तुमचे भाऊ आम्लपित्तावरचे औषध घेत होते का? वेल्पाटास्व्हिर शोषले जाण्यासाठी पोटात आम्ल लागते. ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी त्याची रक्तातील पातळी घटते, आणि साध्या अँटासिडचे पातळ औषधही चार तासांच्या अंतराने घ्यावे लागते. रिफाम्पिसिन, कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन ही औषधे सुरू असतील तर परिणाम इतका घटतो की ती सोबत देतच नाहीत. हृदयाच्या ठोक्यांसाठी अ‍ॅमिओडॅरोन घेणाऱ्यांत सोफोस्बुव्हिरमुळे ठोके धोकादायकरीत्या मंदावल्याची उदाहरणे आहेत, त्याबाबत २०१५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशाराही दिला होता. यांपैकी काही घेतले गेले असेल, तर त्यांचे सहा आठवडे हे कागदावरचे सहा आठवडे ठरतील. डॉक्टरांना ते माहीत असायला हवे.

एखादी मात्रा चुकली तर काय, हे इतर वाचकांसाठी लिहितो : १८ तासांच्या आत लक्षात आले तर लगेच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी, त्याहून उशीर झाला असेल तर ती सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

जुने खोड

मी या आजाराचे इंटरफेरॉनच्या काळात उपचार घेतलेला रुग्ण आहे. त्या काळी आठवड्याला एक इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या असत. जिनोटाइप १ असेल तर ४८ आठवडे, २ किंवा ३ असेल तर २४. ताप, अंगदुखी, रक्तक्षय, खिन्नता हे सगळे सोसूनही जिनोटाइप १ चे निम्मे रुग्णही बरे होत नसत. तेव्हा 'उपचार थांबवणे' हा डॉक्टरांचाच नियम होता : बाराव्या आठवड्यापर्यंत विषाणूची पातळी किमान शंभरपट घटली नाही, तर पुढे यश येण्याची आशा जवळपास नाही म्हणून औषध बंद करीत. आजच्या गोळ्यांना तो नियम लागू नाही, पण जुन्या रुग्णांकडून ऐकलेल्या अशा गोष्टी नव्या रुग्णांच्या कानावर पडतात आणि 'बारा आठवड्यांच्या आत थांबवले तरी चालते' असा विपरीत अर्थ निघतो. दादांनी असे कुठे ऐकले होते का, ते जरूर विचारा.

एक विनंती. त्यांना घरातल्या सर्वांनी मिळून धारेवर धरू नये. ज्या रुग्णाला एकदा चोरून औषध बंद करावेसे वाटले, त्याला बोलणी बसली तर पुढच्या वेळीही तो चोरूनच करील. रिपोर्टवर 'आढळला नाही' असे स्पष्ट छापलेले असताना त्याचा अर्थ 'अजून चालू ठेवा' असा आहे हे त्यांना कोणी नीट समजावले होते की नाही, हाही प्रश्न आहेच.

कोरा कागद

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी उरलेल्या गोळ्या सुरू न करण्यास सांगितले आणि शेवटच्या मात्रेची तारीख कागदपत्रांत नोंदवून घेतली. आरएनए तपासणी आत्ताही करून घेतली. विषाणू सापडलेला नाही. दादाचा चेहरा अर्थातच उजळला, पण डॉक्टरांनी त्याला १२ आठवडे पूर्ण झाल्यावर पुन्हा यावेच लागेल असे बजावले आहे. हिपॅटायटिस बीची तपासणी आधीच झालेली असून ती निगेटिव्ह आहे. आम्लपित्ताची गोळी मात्र तो अधूनमधून घेत होता, हे विचारल्यावर कळले. (औषधशाळा यांचे विशेष आभार; हे आमच्या डोक्यातही आले नसते.)

दोन प्रश्न राहिले. तोपर्यंत घरात काय काळजी घ्यावी? आणि १२ आठवड्यांनंतर विषाणू सापडलाच, तर पुढचा मार्ग बंद होतो का?

यकृतमित्र

आत्ताचा निकाल चांगला आहे. विषाणू परतायचा असेल तर बहुतेकांत तो औषध थांबल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच परततो, त्यामुळे महिन्यानंतरही तो न दिसणे ही जमेची बाजू आहे. तरी काही रुग्णांत तो चार ते बारा आठवड्यांच्या दरम्यान उगवतो, म्हणून डॉक्टरांचा आग्रह योग्यच आहे.

घरातील काळजी रक्तापुरती आहे. दाढीचे ब्लेड, दात घासण्याचा ब्रश, नखे कापण्याचे साधन वेगळे ठेवावे, जखम झाकून ठेवावी आणि रक्तदान करू नये. एकत्र राहणे, शेजारी बसणे, स्पर्श यांनी हा विषाणू पसरत नाही. दारू पूर्ण बंद ठेवणे यकृताच्या दृष्टीने हिताचे.

विषाणू परतला तर मार्ग बंद होत नाही. वेल्पाटास्व्हिर ज्या गटातले औषध आहे, त्याला विषाणूच्या एनएस५ए नावाच्या प्रथिनावर काम करणारी औषधे म्हणतात. अपयशानंतर या प्रथिनात औषधाला न जुमानणारे बदल आढळू शकतात आणि ते वर्षानुवर्षे टिकतात. जिनोटाइप ३ मध्ये 'वाय९३एच' हा बदल विशेष त्रासदायक आहे. सोफोस्बुव्हिरविरुद्धचा बदल त्यामानाने फार दुर्मीळ असून तो झालाच तरी विषाणूला दुबळा करतो, त्यामुळे फार काळ टिकत नाही. म्हणून पुनरुपचारात सोफोस्बुव्हिर व वेल्पाटास्व्हिर यांना व्हॉक्सिलाप्रेव्हिर या तिसऱ्या गटातील औषधाची जोड देऊन १२ आठवडे उपचार करतात. एनएस५ए औषधे आधी घेऊनही बरे न झालेल्यांवर पोलारिस-१ चाचणीत या तिहेरी गोळीने ९६ टक्के यश मिळाले. शंकासुर यांच्यासाठी भर घालतो : चार ते सहा आठवड्यांच्या त्या छोट्या कोर्सनंतर विषाणू परतलेल्यांना पुढे लेडिपास्व्हिर-सोफोस्बुव्हिर पूर्ण १२ आठवडे दिले, तेव्हा त्यांपैकीही ९१ टक्के बरे झाले. थोडक्या काळाचे औषध घेऊन झालेले अपयश हे पूर्ण कोर्सनंतरच्या अपयशाइतके चिवट असेलच असे नाही. तिहेरी गोळीतील व्हॉक्सिलाप्रेव्हिर मात्र यकृत निकामी होण्याच्या अवस्थेत देता येत नाही. तुमच्या भावाला सिरॉसिस नसल्यामुळे ती अडचण येऊ नये.

तपासणीला जाताना एक काळजी घ्या. अँटिबॉडी चाचणी पूर्ण बरे झाल्यानंतरही बहुधा कायम पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे तिच्यावरून आजार परतला की नाही ते कळत नाही. एचसीव्ही आरएनएच पाहावी लागते. तपासणीच्या कागदावर अँटिबॉडी असे लिहिलेले दिसले, तर रक्त देण्याआधीच डॉक्टरांकडून ते बदलून घ्या.